सुलतानाचं बेट आणि ह्यांचं नाव

हे मालदीवला प्लंबिंगच्या कामावर गेले तेव्हा तो देश कुठल्या बाजूला आहे तेही मला ठाऊक नव्हतं. जे कळलं ते शेजारच्या चाचांकडून. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते आणि त्यांची बोट तिथे लागत असे. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून चाचा ओट्यावर बसून मोठ्याने सांगायचे.

"शेकडो वर्षं सुलतानांचं राज्य, बेटी. बाईसुद्धा तख्तावर बसलीय तिथं."

"बाई? आन् तिची सासू काय करत व्हती?" सासूबाई विचारायच्या.

सुलतानाच्या जेवण्याला, निजण्याला तिथल्या भाषेत वेगळे शब्द असत. साधे शब्द त्याच्यासाठी चालत नसत. मला ते पटकन समजलं. आमच्या घरात ह्यांचं नाव मी लग्नापासून एकदाही उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं सासूबाई सांगत आणि मीही मानत होते.

"मग अडुसष्ट साली लोकांनी मतं टाकली, सुलतान नको म्हणाले. उतरला बिचारा. खून नाही, खराबा नाही. राजवाडा पाडला, तिथं बाग केली." चाचांचं हे बोलणं मी धरून ठेवलं होतं. जिथे राजा असा मुकाट्याने जातो तिथे आपल्या माणसाला काय भीती?

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीला थोडे दिवस होते. मी करंज्या तळत होते आणि रेडिओवर सांगितलं की मालदीवच्या राजधानीत बंदूकवाले घुसले आहेत, गोळीबार चालू आहे. तो घाणा जळला. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की रात्रीतून आपलं सैन्य विमानाने तिथे उतरलं. चाचा म्हणाले, "आता फिकीर नको." पण मेलेल्यांत कोण, हे रेडिओ सांगत नव्हता.

ज्यांनी ह्यांना पाठवलं त्या कंत्राटदाराचं ऑफिस मुंबईला होतं. फोन वाण्याच्या दुकानात. शुक्रवार असल्याने चाचा नमाजाला गेलेले, म्हणून मी सासूबाईंना घेऊन गेले. परक्या पुरुषाशी फोनवर बोलायची माझी पहिलीच वेळ.

"आमचे लोक दोन ठिकाणी आहेत," पलीकडचा माणूस म्हणाला. "काही राजधानीत, काही लांबच्या बेटावर. तुमचे कोण?"

"आमचे हे," मी म्हटलं.

"बाई, इथे सगळ्यांच्या घरून 'हे'च येतात. नाव सांगा."

"पनवेलचे. नळाचं काम करतात."

"सगळे नळाचंच काम करतात हो! नाव?"

माझी जीभ उचलेना. वाणी त्यांना मिस्त्री म्हणूनच ओळखायचा; तो तराजूकडे बघत हसत होता. "सांगा वहिनी, मी कान बंद करतो." आज घेतलं आणि आजच काही झालं तर? माझं तोंड पाहून सासूबाईंना वाटलं, वाईट बातमी आली. त्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या आणि कपाळ बडवू लागल्या. "माझा पोर गेला गो!" रस्त्यावरची माणसं थांबली.

मी हातानेच नाही नाही म्हणत होते. ते त्यांना दिसेना. शेवटी वाणी त्यांच्या कानाशी ओरडला, "आजी, काही झालं नाही! नाव विचारतायत, वहिनी घेत नाहीत!"

त्या उठल्या. "मंग घे ना! घे गो, मी सांगते ना!"

मी नाव घेतलं. घाबरून इतक्या मोठ्याने घेतलं की पलीकडचा म्हणाला, "हळू, हळू. तो लांबच्या बेटावर आहे. गोळीचा आवाजसुद्धा तिथे गेला नाही. सुखरूप आहे."

मी फोन ठेवला आणि सासूबाईंच्या कानात ओरडून सांगितलं, "सुखरूप हायेत!" घाईत त्यांचीच बोली माझ्या तोंडात आली. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, स्वतःचं पुसलं आणि म्हणाल्या, "आज घेतलंस ते घेतलंस. परत नाय."

संध्याकाळी चाचांना करंज्या दिल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "एक गोष्ट मी दाबून ठेवली होती, बेटी. अडुसष्टच्या आधीही त्यांनी एकदा सुलतान घालवला होता. तेव्हा जो राष्ट्रपती झाला त्याला उपाशी लोकांनी एवढं मारलं की पुढे तो गेलाच. आणि सुलतान परत आणला."

"काल का नाही सांगितलंत?"

"काल सांगितलं असतं तर सगळा फराळ जाळला असतास."

मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

शिमग्याला हे आले. एसटी स्टँडवर मोठी गर्दी होती. ट्रंक खांद्यावर घेऊन हे आमच्या समोरूनच पुढे निघाले, आम्ही त्यांना दिसलोच नाही. मी पदर तोंडाशी धरून सासूबाईंकडे पाहिलं.

"मार की हाक," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. "मी बहिरी, मला काय ऐकू येनार हाय?"

मी नाव घेऊन हाक मारली. हे दचकून थांबले, वळले आणि आधी आपल्या आईकडेच बघायला लागले.