दोर ओढायचा मान

झेंड्याला सलाम ठोकणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत, पण झेंड्याची पोटच्या लेकीसारखी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच होऊन गेला, आणि ते म्हणजे माझ्या मित्राचे वडील. निमगाव केतकीत सगळे त्यांना गुरुजी म्हणत. हेडमास्तर म्हणून ते निवृत्त झाले, पण ते फक्त हजेरीपटापुरतं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला त्यांच्या अंगात जे संचारायचं, ते कुठल्याही पेन्शनीनं उतरलं नाही. पहाटे उठून ग्रामपंचायतीचा झेंडा स्वतः बांधायचा, आत पाकळ्या भरून एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारायची, आणि कार्यक्रम उरकला की लुनावर बसून आसपासच्या गावांचे झेंडे तपासायला निघायचं. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वरकुट्यात एकदा उन्हानं विटलेला झेंडा पाहून ते भर सभेत म्हणाले, "ह्यो केशरी हाय व्हय? ह्यो तर वरणाचा रंग झालाय!" पाहुण्यांसमोर तिथले सरपंच कानकोंडे झाले. पुढच्या वर्षी तिथं नवाकोरा झेंडा लागला, पण गुरुजींना चहा मात्र कुणी विचारला नाही.

मी नोकरीनिमित्त बारामतीत राहायचो. गुरुजी तिकडे आले की माझ्याकडे डोकावत. एकदा मी कौतुकानं त्यांना मिठाईच्या दुकानात नेलं. स्वातंत्र्यदिन तोंडावर आलेला, त्यामुळे दुकानदारानं हौसेनं तिरंगी बर्फी केली होती आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर निळं चक्रही काढलं होतं. माझा हात बर्फीपर्यंत गेला आणि गुरुजींनी मनगट धरलं. "ते चावनार तू? दातानं?" मग दुकानदाराला त्यांनी गिऱ्हाइकांसमोर असं काही फैलावर घेतलं की तो बिचारा फडक्यानं चक्र पुसायला लागला. तेव्हा तर गुरुजी आणखीच भडकले, "आता पुसतोस व्हय रं!" शेवटी आम्ही पेढे खाल्ले. त्या रस्त्यानं पुढे बरेच महिने मला तोंड लपवून जावं लागलं.

पण त्या चक्राशी त्यांचं नातं वेगळंच होतं. गुरुजींचं घर बौद्ध. छप्पन्नच्या पाठोपाठ, मिसरूड फुटायच्या वयात, त्यांनी सगळ्या घराबरोबर दीक्षा घेतली होती. समोर कुणीही सापडो, पोस्टमन असो की लग्नाला आलेला पाहुणा, ते त्याला उभं करून सांगायचे, "आदी मदी चरखा हुता. चरखा हिकडनं सरळ दिसतो, तिकडनं उलटा. चाकाचं तसं न्हाय. दोनी अंगानं सारखंच. सारनाथच्या सिंहाच्या खांबावरचं चाक हाय ते, आमच्या धम्माचं." पोस्टमन मान डोलावून सटकायचा. मला मात्र एकदा त्यांनी पुढचंही सांगितलं होतं. "सत्तेचाळीसला गावात पयला झेंडा लागला तवा आमच्या आळीला लांब उभं केलं हुतं. बा मला खांद्यावर घिऊन उभा. पन चाक तिथनंबी दिसत हुतं बघ." एवढं बोलून त्यांनी लुना सुरू केली. त्या दिवशी मला त्यांची आजवर केलेली सगळी थट्टा नकोशी झाली.

त्यांच्या बायकोला सगळ्या गावासारखंच मीही मावशी म्हणायचो. मावशी झेंड्याला 'सवत' म्हणत. "लोकांच्या सवती एका रंगाच्या. माजी तीन रंगांची हाय," असं म्हणत त्या गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्याला कडक इस्त्री करून द्यायच्या. आयुष्यात एकदाच त्यांनी गुरुजींबरोबर लांबचा प्रवास केला, तोही सारनाथला, राजमुद्रेवरचे मूळचे सिंह बघायला. राजमुद्रेवर तीनच सिंह दिसतात, चौथा पाठीमागे असतो, तो डोळ्यांनी बघायचा हा गुरुजींचा ध्यास. गुरुजी हात जोडून, भरल्या डोळ्यांनी त्या दगडाभोवती फिरत होते. मावशींनीही एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "चारीबी सारखंच हायत की वं. येवड्यासाठी आनलं व्हय?" हा किस्सा गुरुजी स्वतःच सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

गुरुजींनी आयुष्यभर झेंडा बांधला, पण दोर ओढला तो नेहमी दुसऱ्यानंच, कधी सरपंचांनी, कधी चेअरमननी, कधी मुंबईहून आलेल्या पाहुण्यानं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण दोर दुसऱ्याच्या हाती देताना त्यांची बोटं जरा रेंगाळत. सत्त्याण्णव साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पुरी झाली, तेव्हा सरपंच घरी आले आणि म्हणाले, "गुर्जी, यंदा झेंडा तुमच्या हातानं." गुरुजी लहान पोरासारखे लाजले. नवा सदरा शिवायला टाकला.

त्याच पावसाळ्यात मावशींचं पोटाचं दुखणं विकोपाला गेलं. बारामतीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि त्याचा अर्थ न कळण्याइतकं कुणी भोळं नव्हतं. मी तेव्हा मित्राच्या सोबतीला जाऊन राहिलो होतो. चौदा तारखेला संध्याकाळी मावशी गुरुजींना म्हणाल्या, "जन्मभर पंधरा आगष्टाला तुमी घरात न्हवता. उद्याच्याला तेवढं हितं बसा." गुरुजींनी लगेच लेकाला बोलावून सरपंचांकडे निरोप धाडला, येणं होत नाही.

पहाटे सवयीनं त्यांना जाग आली. नवा सदरा खुंटीला तसाच होता. ते मावशींच्या उशाशी बसले. मावशींनीच विचारलं, "झेंडा कोन बांधंल?"

"बांदंल कुनीतरी."

"आन आडाकला तर?"

"आडकू दे."

मावशी हसल्या. सवतीवर त्यांनी अखेर मात केली होती. उजाडता उजाडता त्यांनी प्राण सोडला.

ग्रामपंचायतीसमोर गाव जमत होता तेवढ्यात बातमी पोचली. सरपंच उसात राबलेला रांगडा माणूस. म्हणाले, "झेंडा अर्ध्यावर लावा. मावशीसाठी." ग्रामसेवक चाचरत म्हणाला की असं करता येत नाही, त्याला वरून हुकूम लागतो, आणि आजच्या दिवशी तर नाहीच नाही. सरपंच उखडले, "वरच्यांला मावशी म्हाईत हाय का?" आणि त्यांनी झेंडा निम्म्या काठीवरच बांधून फडकवला.

दुपारी त्रिसरण म्हणत अंत्ययात्रा ग्रामपंचायतीवरून निघाली, तेव्हा गुरुजींची नजर वर गेली आणि ते थांबले. झेंड्याची इतकी मोठी चूक, तीही त्यांच्याच गावात! ते काठीपाशी गेले. "चुकलंय हे," म्हणाले. सरपंचांनी मान खाली घातली. गुरुजींनी दोर सोडला आणि हळूहळू ओढत झेंडा पार टोकाला नेला. आम्हाला वाटलं, नियम म्हणजे नियम, या माणसाला बायकोपुढेसुद्धा तोच मोठा. टोकाला पोचलेल्या झेंड्याकडे ते मान वर करून बघत राहिले. मग त्यांनी तो हातावर हात टाकत जपून खाली घेतला, बरोबर निम्म्यावर थांबवला आणि दोर बांधला.

"आदी पार वर न्यायाचा आसतो, मंग खाली घ्यायचा," ते सरपंचांना म्हणाले. "येवडंबी ठावं न्हाय व्हय तुमाला?" सरपंचांनी त्यांना मिठीत घेतलं आणि तो धिप्पाड माणूस हुंदके देऊन रडला.

पुढच्या वर्षी सरपंचांनी आठवणीनं दोर पुन्हा त्यांच्यापुढे केला. गुरुजींनी दोन्ही हात जोडले.

"माजा वडून झाला," एवढंच म्हणाले.