रविवारची चेन

बजाजनगरात आमच्या समोर राहणारा माणूस दर रविवारी मोटारसायकल डबल स्टँडवर चढवायचा, रॉकेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून चेन घासायचा आणि मग थेंबथेंब ऑइल सोडत बसायचा. बायको पिशवी घेऊन दारात उभी असायची. तिला फुलंब्रीला, माहेरी जायचं असायचं. हा नुसते काळे हात वर करून दाखवायचा. शेवटी ती एकटीच बसनं जायची.

एका रविवारी मी म्हणालो, "झाली की हो साफ!"

तो कुजबुजला, "चेन कवाच झाली. फुलंब्रीची बस जायचीय अजून."

तेवढ्यात बायको पिशवीशिवायच बाहेर आली. "होऊ द्या निवांत," ती गोड आवाजात म्हणाली. "आज आई-दादाच यायलेत इकडं. चांगले आठ दिवस राहणारेत."

त्यानं पाना उचलला आणि मागचं अख्खं चाकच सोडवायला घेतलं.