दर्शनी बाजू

"दर्शनी बाजू" हा शब्द माझा, असं मी पुष्कळ वर्षं अभिमानाने सांगत असे. आता कुणी विचारलं तरी सांगत नाही.

साठच्या दशकाची मधली वर्षं होती. बोईसर तेव्हा लहान होतं. स्टेशनातून बाहेर पडलं की थोडी दुकानं, मग भाताची खाचरं, ताडाची झाडं, आणि त्यांच्या पलीकडे एकदम आमच्या कारखान्याची वसाहत. कारखान्याचं नाव घेत नाही. त्या नावाने तो आता उरलेलाही नाही. वसाहतीत साठ घरं, बारा-बाराच्या पाच ओळी, सगळी बैठी. भिंतींना एकच पिवळसर रंग, दारं सगळी हिरवी, दारावर काळ्या रंगात आकडा. बाहेरून येणारे पाहुणे बघून म्हणत, वा, काय शिस्त आहे.

ती शिस्त राखायला मी होतो. मी मूळचा एडवणचा. आमच्या घरापुढे काय नव्हतं? सुपारी वाळत पडलेली, दोरीवर लुगडी, खांबावर चढलेली पानवेल, ओटीवर कुणीतरी कायम झोपलेलं. असल्या घरातून आलेल्या माणसाला वसाहतीच्या कचेरीत नोकरी मिळाली ती लोकांच्या घरांपुढे काही नाही ना, हे बघण्याची. सकाळी दहाला वही घेऊन निघायचं, पाचही ओळी फिरायच्या, कुणी दोरी बांधली, कुणी दुधीचा वेल चढवला, कुणी पायरीवर पापड टाकले ते टिपायचं आणि नोटिशी लिहायच्या. मला ते काम आवडायचं, हे आधीच कबूल करून टाकतो. पंचविशीत हातात वही आली की माणूस स्वतःला मामलेदार समजतो.

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी मुंबईहून आणलेलं नियमांचं पत्रक इंग्रजीत होतं. ते मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत माझं मराठी बरं होतं आणि त्याची मला खाज होती. घराच्या तोंडाकडच्या भागाला साधं "पुढची बाजू" लिहिलं असतं तरी काम भागलं असतं, पण मला ते गावठी वाटलं. मी लिहिलं, "दर्शनी बाजू". दर्शनी बाजूस काही टांगू, रंगवू वा वाळत घालू नये. दर्शनी बाजू सदैव स्वच्छ व एकसारखी राखावी. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि पत्रकाच्या प्रती घरोघर गेल्या.

बत्तीस नंबरच्या घरात मायलेक राहत. कारखान्याच्या नव्या आवारासाठी कुंभवलीच्या बाजूचा दहा-बारा घरांचा एक पाडा उठवला होता आणि त्या बदल्यात घरटी एकाला नोकरी मिळाली होती. त्यातला हा मुलगा, बावीस-तेवीस वर्षांचा, हेल्पर म्हणून लागलेला. बाप लहानपणीच गेलेला. आई साठीची, काटक, जन्म शेतात गेलेला. पक्क्या भिंतींच्या दोन खोल्यांत तिचा जीव रमेना. सकाळ झाली की ती बाहेर पडे. कधी बोईसरच्या बाजारात, कधी बेटेगावच्या बाजूला लाकडं गोळा करायला. जाताना ठीक जाई, येताना मात्र तिला आपलं घर सापडत नसे. तिला अक्षर-आकडा काही येत नव्हतं आणि साठही घरांना तोंड एकच.

एकदा ती बाजारातून मांदेली घेऊन आली आणि एका उघड्या दारातून सरळ आत मोरीवर जाऊन बसली. घर होतं आमच्या हेडक्लार्कचं. माणसं देशावरची, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी. त्यांची बायको पूजा आटोपून मागून आली तर मोरीत एक अनोळखी बाई मासळी साफ करते आहे. तिची बोबडी वळली. म्हातारीने मान वर करून तिलाच विचारलं, "तू कोण गो? माज्या घरात काय करतंस?"

हेडक्लार्कांनी घरात गोमूत्र शिंपडलं आणि माझ्या फायलीत दोन पानी तक्रार आली. कारखान्यात ही गोष्ट आठ दिवस पुरली. मीही ती चार ठिकाणी रंगवून सांगितली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी फेरीवर असताना मला बत्तीस नंबरच्या दाराशेजारी हाताएवढा चौकोन दिसला. शेणाने सारवलेला, वरून गेरू, त्यावर कुंकवाची पाच बोटं, खाली पायरीवर चार तांदूळ. मी वही उघडली आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा असा की मी कौतुक करायलाच आलोय.

मुलाने तिला पत्रक वाचून दाखवलं होतं. दर्शनी बाजू स्वच्छ राखावी. तिने त्याचा सरळ अर्थ लावला होता. दर्शन ज्या बाजूला घ्यायचं ती दर्शनी बाजू. पाड्यावरच्या घरात देवाला कोपरा होता, इथे सिमेंटच्या घरात देव कुठे ठेवायचा ते तिला उमगत नव्हतं. बरं झालं, सरकारनेच जागा नेमून दिली. मी म्हटलं, आजी, त्याचा अर्थ तसा नाही. ती म्हणाली, "तूच लिवलंस नव्हं? दर्शनाला देव नको काय?"

मला हसू आलं आणि मी वही मिटली. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या दिवसापासून म्हातारी चुकेनाशी झाली. डोक्यावर भारा घेऊन ती रस्त्याच्या टोकाला येई, क्षणभर थांबून ओळीवर नजर फिरवी, लांबूनच तिला तो तांबडा चौकोन दिसे आणि ती तरातरा घरी पोचे. मी तीन आठवडे त्या ओळीतून जाताना दुसरीकडे बघत राहिलो. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेलं एवढंच एक चांगलं काम.

मग मुंबईहून कुणी मोठे अधिकारी येणार म्हणून साहेब स्वतः फेरीला निघाले. मी मागे वही घेऊन. बत्तीसपाशी ते थांबले आणि म्हणाले, हे काय? मी म्हणालो, पुसून घेतो साहेब.

एवढंच. साहेब काही दुष्ट नव्हते. साहेब, म्हातारीला आकडे येत नाहीत, या खुणेवरून ती घर ओळखते, असं एक वाक्य मी बोललो असतो तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं, कदाचित नसतं. मला ते कधीच कळणार नाही, कारण मी मूग गिळून बसलो. त्यांनी पुसायला सांगण्याआधीच माझी मान डोलली होती.

रंगाऱ्याला घेऊन मीच गेलो. म्हातारी पायरीवर बसून बघत होती. तिने आरडाओरडा केला नाही. रंगाऱ्याने फडकं ओलं केलं तेव्हा मला म्हणाली, "देव पुसतंस?" मी नियमाचं सांगितलं. मग तिने विचारलं, "मंग मला माजं घर कसं सापडायचं?" मी तिला दारावरचा आकडा दाखवला. हा तीन, हा दोन. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "त्यो माज्याशी बोलत नाय, बाबा."

हळूहळू सवय होईल, असं मी म्हणालो आणि पुढच्या ओळीत गेलो.

सवय झाली नाही. आठवड्याच्या आत ती एका इंजिनिअरच्या घरात शिरली. घरात कुणी नव्हतं, दार नुसतं लोटलेलं. उन्हातून आलेली, दमलेली, आपलंच घर समजून ती आतल्या खोलीत आडवी झाली आणि तिला झोप लागली. इंजिनिअर जेवायला आला तेव्हा ती त्याच्या खाटेवर घोरत होती. या वेळी कुणी हसलं नाही. चोरीचा शब्द निघाला. घरातली एक वस्तू हलली नव्हती, तरी निघाला. साहेबांनी मला कडक नोटीस लिहायला सांगितली. पुन्हा असं घडल्यास घर काढून घेण्यात येईल. घर गेलं तर त्या दोघांना जायला जागाच नव्हती, त्यांचा पाडा तर आम्हीच उठवला होता. हे माहीत असून मी ती नोटीस सुवाच्य अक्षरात लिहिली आणि मुलाच्या हातात नेऊन दिली. त्याची पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवसापासून तो पाळीवर जाताना पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना बाहेरून कडी लावून जाऊ लागला.

माझी फेरी चालूच होती. बत्तीसवरून जाताना खिडकीच्या गजांमागे म्हातारी उभी असे. बाहेरून दार अगदी नियमाप्रमाणे होतं. एकदा तिने मला हाक मारली. "कडी काढ रे, बाबा. लांब नाय जात. पायरीवर बसते." मी म्हणालो, मुलगा येईल इतक्यात. त्याला यायला अजून चार तास होते हे मला माहीत होतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की पुढचे काही दिवस मी ती ओळ सोडून फेरी मारली. कडी काढणं मात्र जमलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी मुलगा कचेरीत धावत आला. आई घरात नव्हती. कडी लावायची राहिली, असं तो म्हणाला. मला वाटतं ती राहिली नव्हती. त्या दिवशी कडी लावायला त्याचा हात धजला नसावा. आधी आम्ही पाचही ओळी पाहिल्या, एकेका घरात डोकावलो. मग तोच म्हणाला, पाड्यावर बघू. आम्ही सायकली काढल्या.

पाडा म्हणजे तेव्हा नुसता माळ. घरं पाडून, जोती उकरून वर मुरूम पसरून रोलर फिरवला होता. झाडं तोडलेली. उभं असं काही नव्हतं, सावलीसुद्धा नाही. त्या सपाट तांबड्या मैदानात म्हातारी एके ठिकाणी मांडी घालून बसली होती. मी जवळ गेलो तशी ती म्हणाली, "चपला काढ. चुलीपाशी आलास."

मी खाली बघितलं. मुरूम होता. तरी चपला काढल्या. पाय भाजत होते. मुलगा इकडे तिकडे बघत दोन-चार पावलं चालला, परत आला आणि रडू लागला. "सायेब, चूल इथंच व्हती," तो म्हणाला. एवढ्या मोकळ्या माळावर त्याला ते अंदाज घेऊन ठरवावं लागलं, ती मात्र सरळ येऊन तिथेच बसली होती. आमच्या साठ उभ्या घरांत जिला स्वतःचं एक सापडलं नाही, तिला हे न उरलेलं घर बिनचूक सापडलं होतं.

मी म्हणालो, आजी, चला, घरी जाऊ.

"घरातच हाय मी," ती म्हणाली. "तुमी निंगा आता. ऊन झालंय."

मुलाने तिला उचलून सायकलवर बसवलं. तिने विरोध केला नाही. वसाहत दिसायला लागली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी मी साहेबांना अर्ज लिहिला. बत्तीस नंबरच्या दाराशेजारी एक वीतभर खूण ठेवण्यास अपवाद म्हणून परवानगी असावी. कारणं दिली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. आजवर मी लिहिलेल्या कागदांत तो सर्वांत बरा होता. दुसऱ्या दिवशी साहेब चिडलेले होते, म्हणून तो खणात ठेवला. पुढच्या आठवड्यात बढत्यांची यादी निघायची होती, म्हणून नको म्हटलं. मग पाऊस लागला, गळक्या छपरांच्या तक्रारी सुरू झाल्या. अर्ज खणातच राहिला. बत्तीसची कडी पुन्हा लागू लागली होती. म्हातारी आता खिडकीशी उभी राहत नसे, आणि ती दिसत नाही याचं मला बरं वाटे. हे लिहितानाही मला माझी किळस येते.

श्रावणात तिला ताप आला. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली.

सकाळी मुलगा माझ्या घरी आला. मी दारातच होतो. तो पायरीखाली उभा राहिला, वर आला नाही. डोळे कोरडे होते. मला वाटलं रजेचं विचारायला आला असेल. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "सायेब, तिरडी दर्शनी बाजूला बांदली तर चालंल का? का मागं बांदू?"

त्याला जवळ घ्यावं, अरे काय विचारतोस म्हणून ओरडावं, असं सगळं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी, साहेबांची जीप आज किती वाजता या रस्त्याने जाते, हेही माझ्या मनात येऊन गेलं. तो वाट बघत होता. माझं गप्प राहणं त्याने नकार धरलं. "बरं, मागं बांदतो," म्हणून तो वळला आणि गेला.

मी सदरा अडकवून धावलो. पण मला वेळ झाला होता की मी वेळ लावला होता, हे आजही सांगता येणार नाही. बत्तीस नंबरपाशी पोचलो तर पुढे कुणी नव्हतं. पायरी धुतलेली, दार बंद. मागच्या गटाराच्या बाजूने कुंभवलीचे चौघे म्हातारीला खांद्यावर घेऊन निघाले होते आणि मडकं धरून मुलगा पुढे चालत होता. घरातलं मयत पुढच्या दारानेच निघतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी पुढच्या दारी उभा होतो, आणि ती मागच्या दाराने गेली.