पुष्पाच्या चुलीवर भाकर नाही

घाटंजीजवळच्या तांड्यात पुष्पाच्या ज्वारीच्या भाकरीचं नाव होतं. आता नाव तेवढं उरलंय. दोन वर्षं झाली, तिला काही वाटतच नाही. दुःखसुद्धा नाही, आणि तेच तांड्याला पटत नाही. गेल्या साली तिचा बाप गेला, तेव्हा बाया गळ्यात पडून रडल्या आणि ही कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. त्यावरून लोक काय काय बोलले! तिला एवढंच हवं होतं, एकदा बापासाठी रडता यावं.

नवरा शाम तिला यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाई म्हणाल्या, "गोळ्यांसोबत एक आहार करून पाहू. भाकरी, भात, साखर बंद. तूप, अंडी, मटण, पालेभाजी चालेल. काहींना बरं वाटलंय, पण अभ्यास अजून चालू आहे, खात्री देत नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत आणि तपासणीला येत राहायचं."

तांड्यात हसू पिकलं. उदासीवर तुपातलं मटण! "मले बी होऊ दे हा आजार," म्हणणारे निघाले. मला त्यांचा रागच येतो. पुष्पाला कशाची चवच लागत नव्हती. पुढ्यात येईल ते ती गिळायची.

शाम मात्र पठ्ठ्या. बायकोसमोर आपण भाकर कशी खायची, म्हणून त्याने ती घरात करणंच बंद केलं. अंडी-मटण गॅसवर, चूल थंड. तिथेच घोळ झाला. तांड्यात चूल थंड राहते ती मयत झालेल्या घरी, आणि तिथे शेजारच्या बाया भाकरी नेऊन देतात.

सुखीबाई तांड्यातली सगळ्यात म्हातारी. सगळे तिला याडी, म्हणजे आई म्हणतात. हे सगळं झालं तेव्हा ती लेकीकडे होती. परतली, पुष्पाची चूल थंड बघितली आणि दुसऱ्या सकाळी फडक्यात गरम भाकरी घेऊन हजर. उंबऱ्यातच बसली, पुष्पाला कवटाळलं आणि मोठ्याने रडायला लागली.

शाम धावत आला. "याडी, कोणी गेलं नाही व! डाक्टरनं हिची भाकर बंद केली."

सुखीबाई ओशाळली. डोळे पुसून उठायला लागली, तर पुष्पाने तिचा हात धरला. कित्येक महिन्यांत तिने आपणहून कुणाला धरलं नव्हतं.

"जाऊ नको, याडी. माह्या बापासाठी रड. मले अजून रडू येत नाही."

सुखीबाई पुन्हा खाली बसली.