खारफुटीतला फिक्का, रानातला काळा

अंदमानहून आले ती सामान घरी टाकून थेट पिंपळवंडीला, माहेरी. पोटात गोष्ट मावत नव्हती. थोरला दादा बांधावर टोमॅटो निवडत बसला होता. मी रिकामं क्रेट पालथं घालून त्याच्यासमोर बसले आणि मोबाईल पुढे केला.

दोन गरुडांचे दोन फोटो. दोघांच्या डोक्यावर तुरा, दोघांचे डोळे पिवळेजर्द. एक खारफुटीच्या काठावरचा, अंगाने फिक्का. दुसरा आतल्या दाट रानातला, काळपट चॉकलेटी, पोटावर पांढरे ठिपके. पहिला आपल्या भीमाशंकरच्या सर्पगरुडाच्याच जातीचा, फक्त चणीने लहान. दुसरा अंदमानी सर्पगरुड, साऱ्या जगात फक्त त्या बेटांवर राहणारा. तो मी पाहिला होता, ह्या डोळ्यांनी! माझ्या पक्ष्यांच्या नादाला घरचे सगळे हसतात, पण दादाला पटलं की घराला पटतं. हे दोन पक्षी वेगळे, ह्याला त्याने एकदा हो म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

दादाने हात शर्टाला पुसले, फोटो मागेपुढे केले आणि निकाल दिला.

"ह्यो हिरवा, त्यो पिकल्याला. पक्षी एकच हाय."

जन्म टोमॅटो निवडण्यात गेलेला माणूस. रंग म्हणजे वय, हे त्याच्या बोटांत बसलेलं. पंचाईत अशी की ह्या गरुडांची पिल्लंही फिक्कीच असतात, त्यामुळे त्याला अगदीच वेड्यात काढता येईना. माझा जीव टांगणीला लागला. भराभरा फोटो सरकवले आणि हवा तो एकदाचा सापडला: तोच फिक्का, घरट्याच्या काठावर, पिल्लाला साप भरवताना.

"हिरव्या टोमॅटोचं बी उगवतं का रं दादा?"

"नाय."

"मग ह्याला पोर कसं झालं?"

दादाने फोटो बोटांनी मोठा करून घरटं निरखलं. शेजारी क्रेट भरणारी वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती.

"म्हंजी ह्यो फिक्का बी पिकल्यालाच," तो सावकाश म्हणाला. "आन् काळा येगळा."

मला तिथंच सरीत नाचावंसं वाटलं.

"त्यो काळा आपल्याकडं कदीच नाय दिसायचा?" दादाने विचारलं.

"कदीच नाय."

त्याने पुन्हा टोमॅटो निवडायला घेतले. "हा तोडा झाला की भीमाशंकरला जाऊ. आदी आपला नीट बघून घेतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "न्हाईतर तिकडं बेटावर गेल्यावर मला फरक कसा कळंल?"