फेटा मामांचा, शर्यत मामींची

“धुळ्याचं मैदान आमच्या काकांनी मारलं, काकू मागं भाकरीची टोपली धरून बसल्या होत्या.” माझ्या मामांचे थोरले पुतणे हे वाक्य गेली कित्येक वर्षे प्रत्येक लग्नात, बारशात, आणि परवा तर एका तेराव्यालाही ऐकवीत आले आहेत. पुरावा म्हणून ते भिंतीवरचा फोटो दाखवतात. त्या वाक्यात सत्य एवढेच की धुळे नावाचे गाव आहे, तेथे मैदान होते आणि टोपलीत भाकरी होती. बाकीचे मी आजवर वयाचा मान राखून सोडून दिले. आता सोडणार नाही. सबंध खानदेशात दमणी हाकावी कशी हे कळलेले माणूस एकच झाले, आणि ते म्हणजे नशिराबादच्या माझ्या मामी.

दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी. घरोघरी ती बाजाराला, लग्नाला, देवाला जाण्यासाठी असे. मामींकडे ती पुढच्या गाडीला मागे टाकण्यासाठी होती. बाजार, लग्न आणि देव ही वाटेतली निमित्ते. चाकांच्या आखाला एरंडेल त्या स्वतः घालीत आणि ते काम चालू असताना पाहुणा आला, तर त्याला ओसरीवर तसेच बसावे लागे, मग तो जावई का असेना. एकदा त्या भुसावळच्या बाजूला एका लग्नाला निघाल्या आणि वाटेत पुढे चाललेली गाडी त्यांना खपली नाही. ती नवरदेवाची होती. मामी मांडवाच्या दारात आधी पोहोचल्या आणि वाजंत्र्यांनी सनई सुरू केली, सुवासिनींनी घाईघाईने मामींच्याच बैलांना ओवाळले. नवरदेव मागून आला तेव्हा तबकातले कुंकू संपले होते. आणखी एकदा त्यांनी हमरस्त्यावर जळगावची सर्व्हिस मोटार मागे टाकली. मोटार उतारू घ्यायला थांबली होती, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. मामी म्हणाल्या, “ती थांबनी. मी नही थांबनू.”

मामींचे माहेर धुळ्याकडचे, सासर नशिराबादचे. आणि बैलांचेही तसेच होते. उजवा घरच्या गाईचा, डावा मामींच्या आईने आंदण म्हणून धाडलेला. म्हणून घरात सगळे त्या डाव्याला ‘मेव्हणा’ म्हणत. मामा तर कधी कधी त्याला खरोखरच्या मेव्हण्याइतके घालून पाडून बोलत. पण खरी गंमत पुढे आहे. उजव्याला नशिराबादची बोली कळे, डाव्याला अहिराणीखेरीज अक्षर कळत नसे. मामी एका तोंडाने दोन भाषा बोलत गाडी हाकीत. उजव्याला म्हणत, “चाल रे राजा, ढेप भिजली तुयी!” आणि लगेच डावीकडे वळून, आवाज अगदी निराळा, हळू करून, “चाल भाऊ, माय वाट देखी ऱ्हायनी!” एक पोटासाठी धावे, दुसरा आईसाठी. ढेप, म्हणजे सरकीची पेंड, घरी भिजलेली असेच. मामींची आई मात्र वारून बरीच वर्षे झाली होती. ते बैलाला कोणी सांगितले नव्हते. ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळा’ला ‘बठ्ठा’ म्हणणारी मामींची अहिराणी मामांना कधी आली नाही. “तुमचं ते ‘शे’ न् ‘बठ्ठा’ माह्या जिभेवर बसत न्हाई,” असे ते अभिमानाने सांगत.

आता धुळ्याची शर्यत. मी तेव्हा तेथील एका कचेरीत कारकून होतो आणि जुंपणीच्या वेळी मामींजवळ, मग शेवटच्या रेषेपाशी उभा होतो. पुतणे त्या दिवशी जळगावात दाढदुखीने पडून होते, हे त्यांनीच मला सांगितलेले आहे. नियम असा की दमणी घरची, बैल घरचे आणि धुरकरी, म्हणजे हाकणारा, तोही घरचा. मामींनी कासरा हातात घेतलेला पाहून पंचांतले आबा धावत आले.

“अक्का, हे चालणार नाही. धुरकरी घरचा पाहिजे.”

“घरना पाहिजे ना? मंग घर कोन हाकस? मीच ना?”

“पण आजवर बाईमाणूस...”

“आबा, तुमनं घर कोन हाकस ते सांगू का बठ्ठास्ले?”

आबांच्या कुटुंबाचे सगळे लक्ष गर्दीतून तिकडेच होते. आबांनी लगेच तोड काढली: नाव मामांचे लागेल आणि मामा गाडीत बसतील. त्याप्रमाणे मामा मागे बसले, टोपली पोटाशी धरून आणि डोळे घट्ट मिटून. टोपलीत कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. मामी माहेरच्या माणसांसमोर हाकीत होत्या. हरल्या असत्या तर त्या गावात त्यांना पुन्हा तोंड वर करता आले नसते. धुरळ्यात मला प्रथम काहीच दिसले नाही, फक्त ऐकू आले: “माय वाट देखी ऱ्हायनी, भाऊ! माय वाट देखी ऱ्हायनी!” मग रेषेवर मेव्हण्याचे शिंग आले, मागोमाग मामी, आणि पुष्कळ वेळाने मामांचे डोळे उघडले.

कर्ण्यावरून नाव पुकारले गेले ते मामांचे. जिंकणाऱ्याला फेटा बांधायची रीत, आणि बाईच्या पदरावर फेटा बांधावा कसा, हे पंचांपैकी कोणालाच सुचेना. तेव्हा मामीच मामांना पुढे ढकलून म्हणाल्या, “बांधी ल्या. डोकं तुमनं शे, फेटा मना शे.” फोटो त्यानंतरचा आहे. फोटोत वाक्य येत नाही, एवढीच माझी त्या फोटोविरुद्ध तक्रार. पुढे मिरवणुकीसाठी कासरा मामांच्या हाती दिला, तेव्हा उजवा चालला, डावा चालेना, आणि दमणी फेट्यासकट जागच्या जागी गोल फिरू लागली. पुतणे म्हणतात, बैल दमला होता. असेल. हा मुद्दा मी उदार मनाने सोडून देतो. मला पुढचा एकच पुरेसा आहे.

मामी वारल्या त्या वर्षी हमरस्त्यावर ट्रक फार वाढले होते आणि दमण्या घरोघरी आडोशाला लागल्या होत्या. मी धुळ्याहून समाचाराला गेलो तेव्हा मामा गोठ्यात होते. उजवा आधीच गेला होता. मेव्हणा म्हातारा झाला होता. त्याने दोन दिवस चारा तोंडात घेतला नव्हता आणि काही केल्या उठत नव्हता. मामांनी त्याला चुचकारले, दटावले, ढेपेची पाटी पुढे सरकवली; सगळे नशिराबादच्या बोलीत. बैलाने कान हलवला नाही. धुळ्याचे मैदान ज्याने मारले असे म्हणतात तो माणूस मग त्याच्या पुढ्यात मातीत बसला, त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता त्याने विचारले,

“काय रे, ती त्याले काय म्हणे?”