आईच्या पट्टीतली गिटार

अप्पांची बास गिटार मी मोडली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात "गिटार मोडली" असं म्हणतात, जणू ती आपली आपणच मोडली. मला सांभाळून घ्यायचा सगळ्यांचा हेतू चांगला आहे. पण मोडली मीच.

अप्पा म्हणजे माझे वडील. नांदेडच्या एका गायन पार्टीत त्यांनी उभा जन्म बास वाजवला. पार्टीत गाणारी माझी आई. जयंतीच्या दिवसांत बिलोली, उमरी, रेणापूर, जिथून बोलावणं येईल तिथं पार्टी जीपमधून जायची आणि आई भीमगीतं म्हणायची. लोक आईला बघायचे, ढोलकीवाल्याला बघायचे. मागं खांबासारखे उभे असलेले अप्पा कुणाला दिसायचे नाहीत. "तुझे वडील काय वाजवतात गं?" असं शाळेत कुणी विचारलं की मला धड सांगता यायचं नाही. बासचं तसंच असतं. वाजतो तोवर त्याच्याकडं लक्ष जात नाही, थांबला की गाणं पोकळ वाटतं.

गिटार जुनी, जपानी बनावटीची. हैदराबादच्या एका वादकानं वाजवणं सोडलं तेव्हा अप्पांनी ती त्याच्याकडून आणली. शिकवायला कुणी नव्हतं. मग अप्पा आपल्या मनानं शिकले आणि जगावेगळं शिकले. बासच्या तारांचे सूर सगळीकडं ठरलेले असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी तारा आईला लावल्या. आईची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर तिचा सा. अप्पांनी जाड बाजूची दुसरी तार ताणून त्या सुरावर नेली, बाकीच्याही तेवढ्याच चढवल्या. बोट न दाबता नुसती तार छेडली की आईचा सा हजर. कार्यक्रम झाल्यावर तारा ढिल्या करायची पद्धत असते, तीही त्यांनी पाळली नाही. उद्या परत लावायच्याच आहेत, तर उतरवायच्या कशाला? तशीच चढलेली गिटार वाकळीत गुंडाळून जीपच्या टपावर बांधायची, वरून नांदेडचं ऊन.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर अप्पांनी गिटारीला हात लावला नाही. गेल्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला, म्हणून मी त्यांना लातूरला माझ्याकडं आणलं. मी इथं शाळेवर शिक्षिका आहे. गिटारही आली आणि दिवाणाखाली गेली. अप्पा जेवायचे, पेपर वाचायचे, संध्याकाळी विहारात जाऊन यायचे, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. कशाची तक्रार म्हणून नाही. मला त्यांच्या त्या शहाण्यासारख्या वागण्याची भीती वाटायला लागली होती. त्यांनी एकदा तरी वाजवावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून एप्रिलमध्ये मी नव्या तारा मागवल्या. अप्पा विहारात गेलेले बघून जुन्या काढल्या, नव्या बसवल्या आणि मोबाइलवर पेटीचा सूर लावून काळी पाचपर्यंत चढवल्या. जन्मभर बघितलं होतं, त्यात काय एवढं? नव्या तारा जुन्यांपेक्षा जाड आहेत, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. गिटार दिवाणावर टेकवून मी चहा ठेवायला गेले आणि मागं तुराटी मोडल्यासारखा आवाज झाला. येऊन बघते तर मानेपासून डोकं तुटून तारांना लोंबत होतं. शहाणपणा नडतो म्हणतात, तो असा.

अप्पा आले. चप्पल काढता काढता त्यांनी बघितलं.

"चढवली व्हय?" एवढंच म्हणाले.

"अप्पा, मी नीट करून आणते."

"ऱ्हाऊ दे पोरी. लाकूड हाय. कवा तरी जाणारच." आणि त्यांनी कपातला चहा बशीत ओतला.

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी गिटार वाकळीत बांधून नांदेडच्या एसटीत बसले. कंडक्टरनं दोनदा वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, पेशंट हाय का सामान?" मी म्हणाले, पेशंट आहे, पण तिकीट लागत नाही. तो हसला आणि त्यानं पुढची सीट रिकामी करून दिली.

नांदेडात पेट्या आणि बेंजो दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. आई-अप्पांच्या पार्टीची पेटी कायम त्यांच्याकडंच यायची; अप्पांना ते मास्तर म्हणत, आईला ताई. त्यांनी वाकळ उघडली, मोडलेल्या मानेवरून अंगठा फिरवला.

"बेटा, दोन रस्ते हायत," ते म्हणाले. "नवी मान बसवतो. मग मास्तर लावत्यात तशी लावा, काय होणार न्हाई. पण हात फिरंल तो परक्या लाकडावर. न्हाई तर हीच मान चिकटवतो, आतून कांब घालतो. लई मजबूत करतो. पण मग काळी चारच्या वर चढवायची न्हाई. चढवली की पुन्हा गेली."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"तर भिंतीवर टांगा. सुंदर दिसंल."

नवी मान म्हणजे चाळीस वर्षं हाताखाली झिजलेलं लाकूड काढून टाकायचं. चिकटवायची म्हणजे आईची पट्टी सोडायची. मला दोन्हीकडून पाप वाटत होतं. मी तिथूनच अप्पांना फोन लावला आणि चाचांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"म्या येतो," अप्पा म्हणाले. "म्या आल्याबगर हात लावू नका म्हणावं."

पुढच्या रविवारी दुखरा गुडघा घेऊन ते माझ्याबरोबर एसटीत बसले. दुकानात चाचांनी त्यांना खुर्ची दिली, दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची नालस्ती केली, चहा झाला. मग चाचा म्हणाले, "मास्तर, एक गोष्ट लई वर्सं पोटात हाय. शेवटी शेवटी ताईंचा आवाज उतरला व्हता. काळी चारवर गात व्हत्या. पेटी उतरली, ढोलकी उतरली. तुमीच गिटार का न्हाई उतरवली? आमी आपसात बोलायचो, मास्तरला आता कळंना झालं."

मी अप्पांकडं बघितलं. त्या वर्षांत ते स्टेजवर चष्मा लावून मान खाली घालून वाजवायचे, गिटारीच्या मानेवरचं एकेक घर शोधत, कुठं कुठं चुकत. मीसुद्धा चेष्टा केली होती त्यांची. "काय अप्पा, विसरायला लागलात का?" असं आईदेखत म्हणाले होते. तेव्हा अप्पा हसले होते.

"पेटीवाल्याचं कुणाला दिसत न्हाई," अप्पा म्हणाले. "त्यो बोट सरकवतो, झालं. गिटार उतरवायची म्हंजे घरी तिच्या देखत, न्हाई तर भरल्या स्टेजवर खुंट्या ढिल्या करा. खाली दहा वाजवणारे बसलेले असत्यात, त्यांना लगेच कळतंय, बाईचा आवाज गेला म्हणून. आन् ती माझ्या म्होरंच उभी. म्या खुंटीला हात लावला की तिनं मागं वळून बघितलं असतं. मग म्या तिचा उतरलेला सा बोटं दाबून वाजवायला शिकलो. ह्या वयात. चुकायचो लई."

मला तर तोंड कुठं लपवावं कळेना. ज्याला मी म्हातारपण समजून हसले, ते एका माणसानं दुसऱ्याची लाज राखायला साठी उलटल्यावर घेतलेलं शिक्षण होतं. आणि आईला ते कळलं नसेल, असं मला वाटत नाही. तिनंही शेवटपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

"हीच मान चिकटवा," अप्पा म्हणाले.

"पट्टी उतरंल मास्तर."

"उतरू द्या. ती उतरली तवा म्या उतरलो न्हाई. आता उतरतो."

महिन्याभरानं गिटार घरी आली. मानेवर जोडाची रेघ दिसते, हात फिरवला की लागते. अप्पांनी मला तारांना हात लावू दिला नाही, आणि बरोबरच आहे. दुपारी दिवाणावर बसून त्यांनी स्वतः एकेक खुंटी पिळली, काळी चारवर आणून थांबले आणि बोट न दाबता तार छेडली. मग आईचं एक गाणं धरलं. नुसत्या बासवर गाणं काय कळणार, गाण्याच्या खालचं तेवढं वाजत होतं. पण मला शब्द पाठ होते, मी ते मनातल्या मनात त्यावर ठेवत गेले, आणि चष्मा न लावता, डोळे मिटून, अप्पा एकदाही चुकले नाहीत.

दुसऱ्या कडव्याच्या मधोमध, जिथं थांबायचं नसतं तिथं, ते थांबले.

"हितं तिला दम लागायचा," ते म्हणाले, आणि तेवढा वेळ जाऊ देऊन त्यांनी पुढची ओळ उचलली.